चिठ्ठीत नसलेला प्रश्न

कॅमेऱ्याची भीती मला कधी वाटलीच नाही. हे मी फुशारकीने सांगत नाहीये. बरं, थोड्या फुशारकीनेच सांगते आहे, पण खरं आहे ते खरं आहे. समोर लाल दिवा लागला की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि मला मात्र तहान लागते, बोलायची. तीसेक वर्षं झाली, या देशातल्या मराठी माणसांना मी समोर बसवून बोलतं करते आहे. आधी रेडिओवर आठवड्यातून एक तास, मग इथल्या मराठी मंडळाच्या चॅनेलवर, आणि आता दुबईतल्या अल कुसैसच्या एका गाळ्यात आम्ही चार बायांनी उभारलेल्या स्टुडिओतून, इंटरनेटवर. नवीन मुलंमुली येतात, विचारतात, "मॅम, तुम्ही मीडियाचं ट्रेनिंग कुठे घेतलं?" मी म्हणते, अल मजाज, शारजा, चौदावा मजला, आमचा हॉल. त्यांना वाटतं, मी गंमत करते आहे. मी गंमत करत नसते.

खालिद लगूनच्या काठावरची आमची बिल्डिंग तेव्हा नवीकोरी होती आणि तिच्या गच्चीवर एक भलीमोठी डिश बसवलेली होती. सगळ्या घरांना तिथूनच वायरी. तीन चॅनेल दिसायचे, चौथ्या बटणावर नुसत्या मुंग्या. गच्चीवरच्या खोलीत जोसेफ नावाचा मलबारी माणूस बसायचा. डिश, लिफ्ट, पाण्याची मोटर, सगळं त्याच्याच ताब्यात. शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तो आपल्या खोलीतल्या व्हिडिओवर एखादा हिंदी सिनेमा लावायचा आणि चौथ्या बटणावर सोडायचा. हे मला कळलं त्या दिवशी मी गच्चीत जाऊन त्याला विचारलं, सिनेमा सुटतो तसं माणूस सुटेल का? त्याला आधी वाटलं, मुलीचं डोकं फिरलंय. मग त्याने वायरीचं भेंडोळं काढलं आणि म्हणाला, "कॅमेरा लाओ, पॉसिबल." मालकाची परवानगी हवी होती. मालक म्हणजे एक वयस्क अरब गृहस्थ, महिन्यातून एकदा यायचे, लिफ्टमध्ये मुलांना खजूर द्यायचे. जोसेफने त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "इन्शाल्ला." त्याचा अर्थ 'हो' असाही होतो आणि 'बघू' असाही, आम्ही सोयीचा तो घेतला.

कॅमेरा होता सामंतकाकांचा. बाराव्या मजल्यावर राहायचे, बँकेत होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी तो आणला होता आणि लग्न लागून गेल्यावर तो कपाटात पडून होता. कॅमेरा द्यायला ते तयार झाले, पण चालवणार ते स्वतःच, या अटीवर. त्यांना माणसाच्या डोळ्यांवर झूम करायची भारी हौस. पाहुणा नारळाच्या चटणीबद्दल बोलत असला तरी काका हळूहळू पुढे जात जात त्याच्या डाव्या डोळ्यापाशी पोचायचे. एक अडचण मात्र मोठी होती. आमच्या हॉलमधला खिडकीचा एसी इतका घरघरायचा की कॅमेऱ्यात आमच्या आवाजाऐवजी तोच यायचा. म्हणून कार्यक्रम सुरू झाला की एसी बंद. शारजाच्या जूनमध्ये, बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये, दोन जादा दिव्यांच्या उजेडात! पहिल्या पाच मिनिटांत पाहुण्याच्या कपाळावर थेंब यायचे, पंधराव्या मिनिटाला कॉलर भिजायची आणि विसाव्या मिनिटाला मी नमस्कार करायचे. कार्यक्रमाची वेळ घड्याळाने नाही, पाहुण्याच्या शर्टाने ठरायची.

कार्यक्रमाचं नाव 'शेजार'. दर शुक्रवारी, असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची, अजान झाली की सुरू. रेकॉर्डिंग वगैरे भानगड नाही. गच्चीवरून एक वायर आमच्या खिडकीतून आत आणलेली होती, इथे शिंकलं की सोळाही मजल्यांवर ऐकू जायचं. पाहुणा मराठी असला की मराठी, नसला की हिंदी. पहिल्या मजल्यावरचे लाहोरचे टेलर येऊन गेले, इस्पितळातली नर्स येऊन गेली, एक गुजराती आजोबा येऊन चक्क गायले. मी सतरा वर्षांची होते, आईची नारिंगी साडी नेसून बसायचे आणि लिफ्टमध्ये लोक मला जागा द्यायचे. ते मला फार आवडायचं. अजूनही आवडतं.

आता पाहुणा म्हटला की आपल्याकडे शाल आणि श्रीफळ आलंच. शाल एकच होती, आईच्या लग्नातली. नारळही एकच. प्रत्येक पाहुण्याला कॅमेऱ्यासमोर दोन्ही द्यायचं आणि दिवे विझले की परत घ्यायचं, असा अलिखित नियम होता. नारळ आठवडाभर फ्रीजमध्ये असायचा. एकदा नवव्या मजल्यावरच्या कर्णिककाकू नियम माहीत नसल्यामुळे नारळ खरंच घरी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सोलकढी पाठवली. ती पिताना बाबा म्हणाले, "अनू, तुझा कार्यक्रम आज प्रथमच पचला."

दुसरा नियम बाबांचा होता आणि तो लिखित होता. कार्यक्रम सुरू करायची परवानगी देताना त्यांनी मला समोर बसवून लिहून घ्यायला लावलं होतं, "हे बघ, इथे आपण व्हिसावर राहतो. राजकारण नाही, धर्म नाही, कुणाच्या कंपनीचं नाव नाही. आणि प्रत्येक पाहुण्याला सगळे प्रश्न आधी लिहून द्यायचे. जे चिठ्ठीत नाही, ते विचारायचं नाही. माणसाला आपल्या घरी बोलावून बेसावध पकडायचं नाही." म्हणून बुधवारी मी पाच प्रश्नांची चिठ्ठी घेऊन पाहुण्याच्या घरी जायचे, आणि पाहुणे उत्तरं पाठ करून यायचे, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेला यावं तशी. एका बाईंनी तर पाचही उत्तरं क्रमाने पाठ केली होती; मी मधला एक प्रश्न गाळला, तरी त्यांनी त्याचं उत्तर देऊनच टाकलं.

शुक्रवारची आमची दुपार म्हणजे माशांची. बाबा सकाळीच मच्छीबाजारातून सुरमई आणायचे, आई ती नारळाच्या रसात शिजवायची आणि दाराबाहेर कॉरिडॉरपर्यंत त्रिफळाचा वास जायचा. भाकरी थापायचा कंटाळा आला की खालच्या बेकरीतून गरम कुबूस, अरबी रोट्यांसारखे, यायचे आणि आम्ही ते सुरमईच्या आमटीत बुडवून खायचो. जेवण झालं की बाबा पंधरा मिनिटं आडवे व्हायचे, मी साडीच्या निऱ्यांशी झगडायचे, सामंतकाका स्टँड घेऊन वर यायचे आणि आई टिनच्या दुधाचा चहा टाकायची. तो चहा कार्यक्रमाच्या शेवटी पाहुण्याला द्यायचा असे. आई ट्रे घेऊन यायची, पण पडद्यावर यायला तिचा ठाम नकार होता. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी राहून ती फक्त हात पुढे करायची. दोन हिरव्या बांगड्या, एक कप आणि बशी. आख्ख्या बिल्डिंगला आईचा हात ओळखता यायचा.

आई ठाण्याला असताना शाळेत गणित शिकवायची. इथे आल्यावर ते सुटलं. ती कधी कुरकुरली नाही, पण मजल्यावरच्या सहा मुलांचं गणित ती संध्याकाळी घ्यायची आणि ती मुलं यायच्या वेळेला तिचा चेहरा निराळाच दिसायचा. त्या वर्षी अल कुसैसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं, एक तास शिकवायला लावलं आणि सांगितलं, "सप्टेंबरपासून जागा तुमची. पण आमची बस शारजात येत नाही. स्वतःची येण्याजाण्याची सोय करा, लायसन्स काढा." आता नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईला लायसन्स काढायचं तर नवऱ्याचं पत्र लागायचं: माझ्या पत्नीने गाडी शिकण्यास माझी हरकत नाही. आईने टायपिंगच्या दुकानातून अरबीत ते पत्र टाईप करून आणलं. बाबांनी सही केली नाही. "इथली रहदारी पाहिली आहेस का? काही झालं तर कोण निस्तरणार?" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. आईने पत्र नॅपकिनच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवून दिलं.

मला बाबांचा राग आला होता, आणि तो राग मी नीट, व्यवस्थित, दोन महिने पाळला. बाबा तसे घरात दबदबा ठेवणारे नव्हते. हसरे, मिस्कील, आईच्या हाताखाली कांदा चिरून देणारे. मग याच बाबतीत का असे? त्यांची स्वतःची गाडी नव्हती. रोज दुबईला ऑफिसात जायचे ते सामंतकाकांच्या गाडीतून. "लायसन्स आहे, पण या ट्रॅफिकमध्ये डोकं कोण घालणार," असं ते सगळ्यांना सांगायचे. इथे लायसन्स म्हणजे माणसाची पतच असे. बिल्डिंगमधले सगळे पुरुष पहिल्या फटक्यात पास झालेले होते, निदान तसं सांगत होते. सामंतकाका तर त्यांच्या टेस्टची गोष्ट दर दिवाळीला सांगायचे: पोलीस शेजारी बसला, दोनशे मीटर गेलो, म्हणाला, शाबास, उतरा.

मग एका आठवड्यात ठरलेला पाहुणा तापाने आडवा झाला आणि सामंतकाका म्हणाले, "अहो बापट, तुम्हीच बसा की!" बाबा आढेवेढे घेऊन तयार झाले. मी त्यांना रीतसर चिठ्ठी दिली. ठाण्याचं बालपण, इथला पहिला दिवस, आवडता पदार्थ, छंद, नव्याने येणाऱ्यांना सल्ला. आणि शुक्रवारी दुपारी, आई आमटी ढवळत असताना, मी नॅपकिनचा ड्रॉवर उघडला आणि ते पत्र काढून माझ्या पोलक्यात ठेवलं. का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. सोळा मजल्यांसमोर बाबा 'नाही' म्हणू शकणार नाहीत. मागे ही हकिकत मी माझ्या मुलीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज ॲन ॲम्बुश." मी म्हटलं, हो, होताच.

बाबा झकास बोलले. पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. ठाण्याच्या तलावात बुडता बुडता कसे वाचले ते सांगितलं, इथे आल्यावर पहिल्या दिवशी दुकानात साखर समजून मिठाचं पाकीट कसं आणलं ते सांगितलं. सामंतकाका खुशीत त्यांच्या डोळ्याकडे सरकत होते. पाचवा प्रश्न झाला. बाबांनी शालीकडे पाहिलं, त्यांच्या मते कार्यक्रम संपला होता. मी पत्र काढलं, टीपॉयवर ठेवलं, वर पेन ठेवलं.

"बाबा, एक शेवटचा प्रश्न. आईच्या या पत्रावर तुम्ही सही का करत नाही?"

बाबांचा चेहरा मी आजही जसाच्या तसा सांगू शकते. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा हसून वेळ मारून नेतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या नजरेत भीती होती. माझ्या बाबांना मी घाबरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एसी बंद असल्यामुळे इतकी शांतता होती की स्वयंपाकघरात चहा उकळल्याचा आवाज येत होता. मला प्रश्न परत घ्यावासा वाटला, पण चालू कार्यक्रमात विचारलेला प्रश्न परत कसा घेतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात आई आली. हात पुढे करून थांबली नाही, सरळ आत आली. पदराला हात पुसत, घामाने डबडबलेली, वर्षभर जी बाई पडद्यावर यायला नको म्हणत होती ती बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "ते पत्र ना? मीच म्हटलं त्यांना, राहू दे. मला नाही जमायची गाडी. ते सही करायला कधीचे तयार आहेत. मलाच नको आहे."

इतक्या सहज म्हणाली. आमटीत मीठ किती घातलं ते सांगावं इतक्या सहज. शाळा, गणित, सप्टेंबर, सगळं तिने एका वाक्यात सोडून दिलं. मला काहीच कळेना. ती खोटं बोलते आहे हे मला ठाऊक होतं, का बोलते आहे ते नव्हतं. बाबांना मात्र कळलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"खोटं बोलतेय ती," बाबा म्हणाले. "मला वाचवायला खोटं बोलतेय. अनू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझ्याकडे लायसन्स नाही."

कॅमेऱ्यामागे सामंतकाका हलले असावेत, कारण नंतर कर्णिककाकू म्हणाल्या की चित्र एकदम छतावर गेलं आणि परत आलं.

"मी सगळ्यांना सांगतो, आहे. नाही. पोलीस शेजारी येऊन बसला की माझा पाय थरथरायला लागतो. क्लचवर राहतच नाही. पुढच्या चौकापर्यंतसुद्धा जात नाही मी. तो म्हणतो, खलास, राईटला घे. आणि मी उतरतो. सात वेळा उतरलो."

"आठ," आई हळूच म्हणाली.

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुला कसं माहीत?"

"परत आलात की तुम्ही बूट काढायचे आणि चहा नको म्हणायचे. एरवी तुम्ही चहाला कधी नको म्हणता का?"

बाबा हसले. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होते. "बरं, आठ. मग सोडून दिलं. आणि आता ही शिकणार. हिला मी ओळखतो. ही पहिल्याच फटक्यात पास होईल. मग या घरात मी कुठे तोंड लपवू? म्हणून सही केली नाही. रहदारीबिहदारी काही नाही. एवढंच कारण आहे, आणि मला त्याची लाज वाटते."

मी काय बोलणार? मी, जिला बोलायची तहान लागते म्हणून मघाशी एवढं सांगितलं, ती मी तोंडात गुळणी धरून बसले होते. आणि मग कॅमेऱ्यामागून, जिथून वर्षभरात कधी चकार शब्द आला नव्हता, तिथून आवाज आला.

"मी पाच," सामंतकाका म्हणाले.

"अहो, तुम्ही तर..." बाबा म्हणाले.

"तुम्ही बोललात ना खरं? मग मीही खरं सांगतो. पाच. चौथ्या वेळी असा ब्रेक मारला की पोलिसाची टोपी काचेवर आदळली."

दाराजवळचा इंटरकॉम वाजला. मी उठून घेतला. तिसऱ्या मजल्यावरचे कुणी मलबारी गृहस्थ होते. "टेल युवर फादर, मी सिक्स टाइम," म्हणाले आणि ठेवून दिला. लगेच परत वाजला. लाहोरचे टेलर. "बेटा, अब्बू से कहो, हम तो ग्यारह दफ़ा फ़ेल हुए हैं, यल्ला, हौसला रखें." मी एकेक आकडा मोठ्याने सांगत होते आणि बाबा प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते, नवव्या मजल्याचे चार, सातव्याचे सात. बिल्डिंगमध्ये पहिल्या फटक्यात पास झालेला एकच माणूस निघाला: जोसेफ. तो खाली येऊन स्वतः सांगून गेला आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. कार्यक्रम त्या दिवशी पन्नास मिनिटं चालला आणि आम्ही सगळे आंघोळ केल्यासारखे भिजलो होतो.

पत्रावर बाबांनी तेव्हा सही केली नाही. मी पेन पुढे सरकवलं तर त्यांनी ते बाजूला ठेवलं. "हे चारचौघांत करायचं काम नाही," म्हणाले आणि पत्र शर्टाच्या खिशात घातलं.

दिवे विझल्यावर मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, आई मला जवळ घेईल. ती पातेलं घासत होती.

"कुणाच्या ड्रॉवरमधून घेतलास तो कागद?"

"आई, तुझ्यासाठीच केलं ना मी!"

"माझ्यासाठी? मग मला विचारलंस का?" ती वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "माझं जे आहे ते मी त्यांच्याकडे मागत होते. माझ्या पद्धतीने, माझ्या वेळेने. मिळालं असतं, नसतं. पण तू त्यांना सगळ्यांसमोर उभं केलंस. ते खरं बोलले, तो त्यांचा मोठेपणा. तुझं त्यात काही नाही."

मी आयुष्यात फारशी चुकलेली नाही, असं मी एरवी छातीठोकपणे सांगते आणि लोक हसतात. पण त्या संध्याकाळी मी चुकले होते. शेवट गोड झाला म्हणून माझी चूक बरोबर होत नाही, हे मला आईने त्या पातेल्याशी उभं राहून शिकवलं. मी रडले. खूप रडले. मग बाबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, चुकलं माझं. ते पलंगावर पाय पसरून बसले होते, दमलेले. "चुकलंच," ते म्हणाले. "पण प्रश्न चांगला होता." त्या एका वाक्यावर मी आजवर पोट भरते आहे. चिठ्ठ्या द्यायचं पुढे बंद झालं. पण दुसऱ्याच्या वतीने प्रश्न विचारायचा तर त्या दुसऱ्याला आधी विचारल्याशिवाय मी कधीही तोंड उघडलेलं नाही. परवाच एक निर्माता मला म्हणाला, थोडं ड्रामा क्रिएट करा ना, मॅम. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र आईच्या बशीखाली होतं. सही नेहमीपेक्षा ठसठशीत होती. आई त्याच आठवड्यात शिकायला लागली. तिने पुढे अल कुसैसच्या त्या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवलं, तिचे विद्यार्थी मला अजून भेटतात आणि 'बापट मिस'ची नक्कल करून दाखवतात. पण ते सगळं नंतरचं.

टेस्टच्या दिवशी बाबांनी अर्धी रजा घेतली. मीही गेले. टेस्टच्या मैदानाबाहेर एक लांबलचक बाक होता आणि त्यावर नवरे बसलेले असायचे, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन. बाबा त्यांच्यात बसले नाहीत. तारेच्या कुंपणाला हात धरून उभे राहिले. आईची गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. वीस मिनिटं बाबा तिथून हलले नाहीत. मी त्यांचा चेहरा बघत होते. आता सवयच लागली होती, बघायची. मनात एक वाईट विचार होता आणि तो लपवून काय उपयोग: आई नापास झाली तर बाबांना बरं वाटेल का?

गाडी परत आली. आई उतरली, ओढणी सारखी केली, आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "खलास. गोल चौकात थांबायला हवं होतं, मी नाही थांबले."

बाबांना बरं वाटलं नाही. बाबा भडकले. मी त्यांना इतकं भडकलेलं कधीच पाहिलं नव्हतं. "असं कसं नापास? काय सुंदर काढली गाडी तू फाटकातून! मी पाहिली ना! त्या माणसाला काही कळतं का?" आई त्यांचा दंड धरून म्हणत होती, अहो, हळू, लोक बघतायत. पण बाबा थांबले नाहीत, तरातरा चालत ऑफिसच्या खिडकीपाशी गेले आणि आईची फाईल आत सरकवली. पुढची तारीख द्या म्हणाले. आम्ही दोघी मागे जाऊन उभ्या राहिलो.

खिडकीतल्या माणसाने शिक्का उचलला आणि न बघता विचारलं, "मदाम ओन्ली?"

बाबांनी काखेतल्या पिशवीत हात घातला आणि कोपरे पिवळे पडलेली एक जुनी फाईल काढून आईच्या फाईलवर ठेवली.

"नो," म्हणाले. "मी ऑल्सो."